राजीनाम्यावरचा अंगठा

चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून कोसभर आत असलेल्या एका गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मला चोविसावं सरत होतं. आई आणि भाऊ चिंचवडला होते. माझं लग्न ठरून मोडलं होतं, आणि तेव्हापासून घरात जो तो माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसा बोलायचा. त्यामुळे गाव जितकं आडबाजूला मिळेल तितकं मला बरंच होतं. शाळा चौथीपर्यंतची, एकाच खोलीची, आणि शिकवणारी मी एकटी.

त्या खोलीवरचे पत्रे साहेबांनी आणवलेले होते. साहेब म्हणजे त्या भागातले पुढारी. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आमदार असलेले, आणि नंतरच्या पहिल्या मोठ्या निवडणुकीत पडलेले. पडले तरी लोक त्यांना साहेबच म्हणत. मी शाळेत असताना ते तुरुंगातून सुटून आले, तेव्हा चिंचवडच्या स्टेशनावर आम्हां मुलींना ओळीनं उभं करून स्वागताचं पद म्हणायला लावलं होतं. मी पुढच्या ओळीत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी दोन दिवस आईला केस विंचरू दिले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कोर्टात त्यांच्या वकिलांनी मला विचारलं की, तुमच्या मनात साहेबांविषयी पहिल्यापासून आकस होता ना. आकस नव्हता. भक्ती होती.

खात्याचा हुकूम आला म्हणून मी बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर. दसऱ्यानंतर सुरू केला तेव्हा नऊ जणी आल्या, महिन्याभरात पाच उरल्या. त्या पाचांत एक मावशी होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, हनुवटीवर गोंदण, आवाज घोगरा. नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला. साहेबांच्या मालकीची जमीन त्यांचं घर कूळ म्हणून दोन पिढ्या कसत आलेलं होतं, आणि नवऱ्यामागे मावशी एकट्या ती कसत होत्या. कांदा, बटाटा, थोडी ज्वारी. त्या खडू विळ्यासारखा धरायच्या. त्यांच्या नावात एक जोडाक्षर होतं, ते काही केल्या सरळ यायचं नाही. त्याचा पाय त्या नेहमी उलट्या बाजूला काढायच्या. मी चार-पाचदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. दिवाळी उलटल्यावर त्या पूर्ण नाव लिहायला लागल्या. पहिल्यांदा न बघता लिहिलं त्या दिवशी त्या पाटीकडे बराच वेळ बघत बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता कुनाचं बोट धरायला नगं."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्या एका दुपारी शाळेत आल्या. मुलं पाढे म्हणत होती. मावशी दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मुलांना पाढे चालू ठेवायला सांगून मी बाहेर गेले. तलाठ्यानं त्यांना बोलावून सांगितलं होतं की तुम्ही जमिनीचा राजीनामा दिला आहे, तेव्हा कूळ म्हणून तुमचं नाव आता कमी होणार. राजीनामा म्हणजे कुळानं आपखुशीनं जमीन मालकाला परत केल्याचा कागद. कूळकायद्यानं कुळाला जमिनीवरून काढणं अवघड झालं, तेव्हापासून मालकांना अशा कागदांची फार गरज पडू लागली होती. शिवाय पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चालू झालं होतं, भोसरीकडे मोजणीवाले फिरत होते, आणि रस्त्याकडच्या जमिनींकडे लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते.

"अंगठा माजाच हाय म्हनत्यात," मावशी म्हणाल्या. "आसंल. पर बाई, मी रान सोडलं न्हाई. मी कशापायी सोडीन?"

मी खोदून विचारलं तेव्हा त्यांना आठवलं. साहेब आमदार होते तेव्हा ओढ्यावर बंधारा व्हावा म्हणून सरकारकडे अर्ज करायचा होता. साहेबांचे दिवाणजी घरोघर हिंडून अंगठे घेऊन गेले होते. कागद कोरे होते. मजकूर मागाहून लिहू, असं ते म्हणाले होते. बंधारा झाला नाही. कागदांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. साहेबांना कोण विचारणार?

मी राजीनाम्यावरची तारीख विचारली. तलाठ्यानं वाचून दाखवली होती, आणि मावशींनी ती नीट लक्षात ठेवली होती. होळीनंतरची तारीख होती. त्याच वर्षीची. आदल्या वर्षापर्यंतच्या तलाठ्याच्या पीकपाहणीत जमीन कसणारी म्हणून मावशींचंच नाव असल्यामुळे साहेबांच्या माणसांना तारीख त्या वर्षीची घालणं भाग होतं.

मी म्हटलं, "मावशी, होळीला तर तुम्ही सही करत होतात. मग अंगठा कशाला दिलात?"

त्या मग हळूच म्हणाल्या, "व्हय की."

त्या दिवशी मी त्यांना फिर्याद लिहून दिली. खाली त्यांनी सही केली, पाय उलटा काढलेल्या जोडाक्षरासकट.

फिर्याद घेऊन चौकशीला आलेले फौजदार कोकणातले होते. बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे, निवृत्तीला टेकलेले. मला वाटलं होतं, पुढाऱ्याचं नाव ऐकून हा माणूस कागद दाबून टाकील. त्यांनी तसं केलं नाही. ते गावात सात-आठदा आले. ज्यांचे अंगठे त्या वेळी घेतले होते अशी आणखी पाच घरं त्यांनी हुडकून काढली. त्यांतल्या तिघांच्या नावानंही राजीनामे तयार झालेले निघाले. सगळ्यांचा कागद एकाच आकाराचा, अक्षर दिवाणजींचं, आणि अंगठा प्रत्येक ठिकाणी कागदाच्या अगदी तळाशी, मजकुरापासून फटकून उमटलेला. एका कागदावर तर मजकूर जागेअभावी शेवटी दाटीवाटीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला होता. माझं साक्षरता वर्गाचं हजेरीपत्रक त्यांनी पंचनामा करून ताब्यात घेतलं. साहेब आरोपी नंबर एक आणि दिवाणजी आरोपी नंबर दोन, असा खटला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला.

त्यानंतर साहेबांनी मला बोलावून घेतलं. निरोप घेऊन दिवाणजीच आले होते. साठीचे, पाठीत वाकलेले, धोतर नेहमी स्वच्छ.  साहेब ओसरीवर बसले होते. उठून उभे राहिले. मी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, आणि एवढा मोठा माणूस माझ्यासाठी उठला. त्यांच्या पत्नीनं मला कुंकू लावलं, चहा दिला. साहेबांनी शाळेची चौकशी केली, पत्रे गळतात का विचारलं, मुली किती येतात विचारलं. तुरुंगात असताना एका म्हाताऱ्या कैद्याला त्यांनी अक्षरओळख करून दिली होती, ती हकिकत सांगितली. ती ऐकताना माझे डोळे भरून आले. आज ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

मग कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला खोटं बोला म्हणणार नाही. ते माझ्याकडून व्हायचं नाही. तुम्ही एवढंच म्हणा, की ती बाई नक्की केव्हा सही शिकली ते आठवत नाही. दिवाळीत शिकली की गुढीपाडव्याला, कुणाच्या लक्षात राहतं? आठवत नाही म्हणणं हा काही गुन्हा नाही."

मी म्हटलं, "पण मला आठवतं."

ते हसले. रागावले नाहीत. "वय लहान आहे तुमचं," म्हणाले. "खटला लांबतो तसं माणूस विसरतो. वाट बघू."

वाट बघणं हीच त्यांची पहिली चाल होती, हे मला पुढे समजलं. तारखेला जावं तर साहेबांची तब्येत बिघडलेली. पुढच्या तारखेला वकील पुण्याहून पोचलेले नाहीत. त्याच्या पुढच्या तारखेला अर्ज, की हा खटला राजकीय हेतूनं भरला आहे, सबब दुसऱ्या कोर्टात चालवावा. तो अर्ज फेटाळला जाईपर्यंत कांद्याचं एक पीक निघालं. मावशी दर तारखेला भाकरी बांधून पायी नाशिक रस्त्यापर्यंत यायच्या, तिथून एस. टी. पकडायच्या, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, आजारी साहेब पडत्यात, मग औषिद आमाला का?" तारखांनाच त्या औषध म्हणत होत्या.

वर्षभरात बाकीची तीन घरं गळाली. एकाच्या मुलाला कुठंशी नोकरी लागली. एकाला दुसरीकडे जमीन कसायला मिळाली. तिसऱ्यानं कारणही दिलं नाही. तिघांनी कोर्टात सांगितलं की राजीनामा आम्ही समजून-उमजून दिला होता. मला त्यांचा राग आला होता, आता येत नाही. राग त्या कलेचा येतो. कुणाला कुठं धरायचं, हे इतकं नेमकं ओळखणारी माणसं त्या ओसरीवर बसून हे ठरवत होती, आणि वर त्यालाच खटला लढणं म्हणत होती.

मला नोकरीचं किंवा जमिनीचं आमिष दाखवता येत नव्हतं. माझी बदली झाली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात, जिथं एस. टी. सुद्धा दिवसातून एकदाच यायची. हुकूम कुणी काढायला लावला, याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी तसं म्हणत नाही. एवढंच सांगते की गावातल्या शाळेवर पुढचे पाच महिने कुणीच शिक्षक नव्हता. माझी जागा भरायची कुणाला घाई नव्हती, मला हलवायची मात्र होती. तारखेसाठी मला तिथून एक दिवस आधी निघावं लागे, चिंचवडला आईकडे मुक्काम करावा लागे. आई म्हणायची, सोड ना आता, तुझं काय अडलंय. भाऊ म्हणायचा, आधीच तुझं लग्न जमत नाही, त्यात ही कोर्टाची पायरी. घरातल्यांचं ऐकून मी एकदा सोडायचं ठरवलंही होतं. पण तारखेच्या सकाळी मावशी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसलेल्या दिसल्या, आणि मला पाहून त्यांनी शेजारची जागा पदरानं झाडली. मग मी जाऊन बसले.

माझी साक्ष झाली तो दिवस मी विसरू शकत नाही. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं मी सांगितलं. मग साहेबांचे वकील उठले. पुण्यातले नावाजलेले वकील, गोरे, मृदू बोलणारे, बोलण्यात मधून मधून संस्कृत वचन. त्यांनी मला "बाई, बसून उत्तरं दिलीत तरी चालेल" असं म्हटलं. मी उभीच राहिले.

आधी त्यांनी विचारलं, फिर्याद कुणाच्या अक्षरात आहे. मी म्हटलं, माझ्या. मग विचारलं, फौजदार तुमच्या खोलीवर किती वेळा आले. मी म्हटलं, तीनदा.

"तुम्ही एकट्याच राहता?"

"हो."

"ते आले तेव्हा दार उघडं होतं की लोटलेलं?"

मला प्रश्नाचा अर्थ लागायला क्षणभर लागला. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मी न्यायाधीशांकडे पाहिलं. ते लिहीत होते. सरकारी वकील उठतील असं वाटलं, तेही उठले नाहीत. मी म्हटलं, "उघडं. आणि बाहेर पंच उभे होते." वकील म्हणाले, "बरं, बरं," जणू त्यांनी मला एखाद्या अडचणीतून सोडवलं होतं. ज्या फौजदारांनी माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, ते दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा काळवंडून गेला होता.

पण खरा घाव पुढं होता. वकिलांनी माझं हजेरीपत्रक हातात घेतलं. पानं चाळत म्हणाले, माघी पौर्णिमेला गावात काय असतं. मी म्हटलं, यात्रा. कुस्त्या होतात? होतात. पाव्हणे येतात? येतात. बायका त्या दिवशी काय करतात? मी म्हटलं, सैपाक. मग त्यांनी हजेरीपत्रक माझ्यापुढं धरलं. त्या दिवसाच्या रकान्यात पाचही बायकांपुढे हजर अशी खूण होती. माझ्या हातची.

"बाई, यात्रेच्या दिवशी तुमचा वर्ग भरला होता?"

खरं असं होतं की महिनाअखेर तपासणीस येणार म्हणून मी राहिलेले रकाने एका बैठकीत भरून टाकले होते. सगळेच शिक्षक भरत. वर्ग कमी दिवस भरला असं दिसलं की बंद व्हायचा, आणि मला तो बंद पडू द्यायचा नव्हता. हो, भरला होता, असं म्हटलं असतं तर? पाव्हण्यांचा सैपाक आटोपून पाच बायका अर्धा तास येऊन गेल्या, असं म्हणता आलं असतं. ते खोटं आहे, हे कोण सिद्ध करणार होतं? सरकारी वकील माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते.

मी म्हटलं, "नाही. त्या दिवसाची हजेरी मी नंतर भरली."

"म्हणजे खोटी भरली."

"हो."

"मग बाकीची खरी कशावरून?"

 मी सांगू लागले की वर्ग खरोखर भरत होता, मावशी खरोखर शिकत होत्या, पण वकील खाली बसले होते. विचारून झालं होतं त्यांचं. ज्या माणसानं विधवेच्या कोऱ्या अंगठ्यावर मजकूर लिहवून घेतला, तो खुर्चीत पाय सैल सोडून बसला होता, आणि पिंजऱ्यात खोटी म्हणून उभी होते मी.

बाहेर आल्यावर सरकारी वकिलांनी हात झटकले. केस गेली, असं म्हणाले आणि निघून गेले. फौजदार मात्र थांबले. दाराबद्दलच्या प्रश्नाविषयी ते बोलले नाहीत, मीही नाही. ते म्हणाले, "बाई, मला परत पहिल्यापासून सांगा. वर्गात तुम्ही काय काय शिकवलंत, कुठल्या दिवसांत. सगळं."

मी चिंचेखाली बसून सांगत गेले. पाटी, बाराखडी, नावं, गाण्याच्या ओळी. आणि सांगता सांगता मला आठवलं, संक्रांतीला मी प्रत्येकीकडून माहेरी एकेक पोस्टकार्ड लिहून घेतलं होतं. मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहिला तेवढा लिहिला, बाकी मी पुरा केला, आणि खाली सही ज्यांची त्यांनी. तिळगूळ घ्या, एवढाच विषय. मावशींचं कार्ड त्यांच्या भावाला गेलं होतं. भाऊ पिंपरीला बांधकामावर होता.

फौजदार उठून उभे राहिले. "पोस्टाचा शिक्का," एवढंच म्हणाले.

ते दुसऱ्याच दिवशी पिंपरीला गेले. भाऊ बांधकामाजवळच्या पत्र्याच्या चाळीत राहत होता. बहिणीच्या हातचं पहिलंच पत्र म्हणून त्यानं ते देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं होतं. हळदीचं बोट लागलेलं, कोपरे दुमडलेलं. शिक्का स्वच्छ वाचता येत होता. राजीनाम्याच्या तारखेच्या आधी दोन महिने. आणि सहीत ते जोडाक्षर, पाय उलटा.

पुढच्या तारखेला कार्ड कोर्टात दाखल झालं. साहेबांच्या वकिलांनी हरकत घेतली, ती नामंजूर झाली. मावशींना पिंजऱ्यात बोलावून कोर्टानं कोरा कागद दिला आणि सही करायला सांगितलं. त्यांनी पदर खोचला, टाक नीट धरला आणि नाव लिहिलं. न्यायाधीशांनी कागद आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवून पाहिलं.  वकिलांनी आपल्या हाताखालच्या वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दुपारनंतरची वेळ मागून घेतली.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस वाचत नाही. माझा भाबडेपणा.

दुपारी कोर्ट बसलं तेव्हा दिवाणजींच्या बाजूनं एक वेगळाच वकील उभा होता, त्या दिवसापर्यंत कुणी न पाहिलेला. दिवाणजींनी हात जोडून सांगितलं की कागद मी केले. साहेबांना ठाऊक नव्हतं. धन्याची जमीन मोकळी करून दाखवावी, शाबासकी मिळवावी, म्हणून केले. साहेब दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करतात, त्यांत यावरही केली. आणि साहेबांचे वकील, ज्यांनी दोन वर्षं छातीठोकपणे सांगितलं होतं की राजीनामा अस्सल आहे, बाईनं राजीखुशीनं दिला आहे, ते उठून म्हणाले की माझ्या अशिलाचा विश्वासघात झाला आहे, या फसवणुकीत सर्वांत मोठी फसगत त्यांचीच झाली आहे. आवाजात कंपसुद्धा होता. काल हा कागद खरा होता आणि आज खोटा कसा झाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मला विचारलं होतं, यात्रेच्या एका रकान्यावरून.

निकाल लागला. दिवाणजींना दीड वर्षाची सजा. साहेबांना संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. राजीनामा खोटा ठरला. कोर्टाच्या फाटकात हार घेऊन माणसं उभी होती, त्याअर्थी निकाल काय लागणार याचा अंदाज हारवाल्यांना आधीच होता. तुतारी होती. कुणीतरी भाषण केलं, की ब्रिटिशांच्या तुरुंगात ज्यांनी हाल सोसले त्यांना आपल्याच राज्यात हे दिवस बघावे लागले. साहेबांनी डोळे पुसले. दिवाणजींना मागच्या दारानं नेलं. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

निकालपत्राची नक्कल मी अर्ज करून मिळवली. त्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं की, ही साक्षीदार शिक्षिका असूनही सरकारी हजेरीपत्रकात खोट्या नोंदी केल्याचं कबूल करते, सबब तिच्या शब्दावर विसंबता येत नाही. साहेबांबद्दल लिहिलं होतं की त्यांची देशसेवा सर्वश्रुत आहे. पानं मी दोन-तीनदा उलटसुलट वाचली. त्या अख्ख्या निकालात खोटं ठरलेलं माणूस दोनच, एक म्हातारा कारकून आणि एक मी. खात्यानं त्याच वाक्यावर बोट ठेवून मला लेखी ताकीद दिली आणि साक्षरतेचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

मावशी डोंगरातल्या माझ्या शाळेवर मला भेटायला आल्या. एवढा लांबचा प्रवास, डोक्यावर बटाट्याचं गाठोडं. जमीन त्यांच्याकडे राहिली होती, कूळ म्हणून नाव कायम झालं होतं. मी त्यांच्यापुढे साहेबांवर तोंडसुख घेत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, माजं रान माज्याकडं हाय. साहेबाला जेलात बगून मला काय गावनार हाय? तुमी का जळताय?"

मला त्यांना समजावून सांगता आलं नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. पण त्या परत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की असं समाधान मानून घ्यायला लावणं हाच त्या सगळ्या डावपेचांचा शेवट होता. तुमचं तुम्हाला परत मिळालं ना, मग चोर कोण ते कशाला विचारता. मी मात्र विचारत राहणार होते.

दिवाणजी सुटून आल्यावर एकदा मला चाकणच्या बाजारात भेटले. आणखी वाकले होते. साहेबांनी त्यांना परत कामावर घेतलं होतं, त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं लावून दिली होती. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, आता तरी खरं सांगा, कुणी लिहायला लावलं.

ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. साहेबांना ठाऊक आहे. कोर्टालाही ठाऊक असावं. आता सांगायचं कुणाला राहिलंय?" आणि नमस्कार करून पिशवी सावरत गेले.

मी वरच्या कोर्टाला अर्ज केला, की निकालपत्रातलं माझ्याविषयीचं वाक्य अर्धवट आहे. मी खोटी नोंद केली हे खरं, पण ती मी स्वतः कबूल केली, आणि जी गोष्ट मी शपथेवर सांगितली ती पोस्टाच्या शिक्क्यानं खरी ठरली, हेही तिथं लिहावं. उत्तर आलं की साक्षीदाराला दाद मागण्याचा अधिकार नाही. मी पुन्हा लिहिलं. तेच उत्तर, त्याच शब्दांत. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं नाही. तेवढ्यात पुढची निवडणूक आली. आमच्या डोंगरातल्या शाळेच्या भिंतीवरसुद्धा साहेबांचं पत्रक चिकटवून गेले. त्यावर त्यांचा तुरुंगवास होता, शाळांना घातलेले पत्रे होते, आणि एक ओळ अशीही होती की खोट्या खटल्यातून ते तावून-सुलाखून निघाले आहेत. मी ते पत्रक मुलांसमोर फाडलं. शिक्षिकेनं असं करू नये. पण मी केलं, आणि त्याबद्दल खात्यानं मागितलेला खुलासा मी दिला नाही.

साहेब निवडून आले.